हक्क आहे, दाखवायचा कसा?
ब्रिटनमधल्या असंख्य परदेशी रहिवाशांच्या बायोमेट्रिक कार्डांवर ३१ डिसेंबर २०२४ हीच अखेरची तारीख होती. राहण्याची परवानगी मात्र अनेकांची त्यापुढेही चालू. आता पुरावा म्हणजे ई-व्हिसा, म्हणजे परवानगीची ऑनलाइन नोंद. घरमालकाला ९० दिवस चालणारा ‘शेअर कोड’ द्यायचा, तो सरकारी संकेतस्थळावर पडताळणी करणार. कार्ड हरवण्याची धास्ती गेली, हे मान्य. पण संकेतस्थळ अडलं किंवा नोंदीत जुनाच पासपोर्ट राहिला, तर कायद्याने रीतसर राहणारा माणूस विमानतळाच्या काउंटरवर संशयित ठरतो. मुदत संपलेली कार्डं प्रवासासाठी जून २०२५ पर्यंत चालवून घ्यावी लागली, ती उगाच नव्हे. विंडरश प्रकरणात कॅरिबियनमधून दशकांपूर्वी रीतसर आलेल्यांचे कागदाअभावी झालेले हाल पाहिलेल्या सरकारने निदान एक छापील, कायदेशीर वजनाचा दाखला तरी हाती द्यायला हवा होता.