मंजुरीनंतरचे हप्ते

आमच्या सौ.च्या पित्ताशयाचे ऑपरेशन दोनदा झाले. पित्ताशय माणसाला एकच असते आणि ते एकदाच काढता येते, हे आठवीतल्या मुलालाही ठाऊक असेल. पण आमच्या नातेवाइकांच्या दफ्तरी नोंद तशीच आहे. याचे कारण, पहिल्या वेळी आम्ही खोटे बोललो होतो. ते ऑपरेशन वजन कमी करण्याचे होते.

चार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तिचे वय तेव्हा ५६, उंची पाच फूट एक इंच आणि वजन ११२ किलो. मधुमेहासाठी रोज इन्सुलिन, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कुरकुरणारे गुडघे आणि रात्री झोपेत अडकणारा श्वास. वीस वर्षांत तिने सगळे करून पाहिले होते. पहाटेचे फिरणे, उपास, काढे, आहारतज्ज्ञांचे तक्ते. प्रत्येक वेळी दहा किलो उतरायचे आणि वर्षभरात बारा चढायचे. शेवटी मधुमेहाच्या डॉक्टरांनीच ऑपरेशनचा विषय काढला.

ऑपरेशन ठरले आणि आम्हा दोघांना लाज वाटली. ‘जिभेवर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतले’ असे लोक म्हणतील, ही भीती. खरे सांगायचे तर हे वाक्य लोकांच्या आधी माझ्याच मनात आले होते. माझ्या दोन कादंबऱ्यांत लठ्ठ बाई आहे आणि दोन्हीकडे ती वाचकाला हसवायलाच आलेली आहे. तेव्हा ‘पित्ताशयात खडे झालेत’ असे सर्वांना कळवून आम्ही पुणे गाठले.

तिथे पहिली गोष्ट कळली ती ही, की जिभेचा ताबा हा या प्रकरणातला फार लहान भाग आहे. वजन उतरू लागले की शरीर दुष्काळ पडल्यासारखे वागते. भूक वाढवते आणि खर्च कमी करते. भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते. ‘स्लीव्ह’ नावाच्या शस्त्रक्रियेत दुर्बिणीतून जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात, त्यात हा भागही जातो. म्हणजे जागा कमी होते आणि भुकेचा आवाजही खाली येतो. ‘बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे मृत्यूचे प्रमाण तशाच इतर लठ्ठ रुग्णांपेक्षा कमी आढळले. हे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा हा केवळ दिसण्याचा प्रश्न नव्हे.

तयारीलाच दोन महिने गेले. रक्ताच्या तपासण्या, एंडोस्कोपी, झोपेची तपासणी, श्वासासाठी रात्री लावायचा मास्क, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञही. ‘मी काय वेडी आहे?’ असे म्हणत ती आत गेली आणि तासाभराने डोळे पुसत बाहेर आली. दुःख झाले की आपण खातो, हे तिला कुणीतरी पहिल्यांदाच न रागावता सांगितले होते. शेवटचे दोन आठवडे जवळजवळ द्रव आहार. चरबीने फुगलेले यकृत जठरावर पसरलेले असते, ते थोडे आक्रसले की सर्जनचे काम सोपे होते. तंबाखू-सिगारेट असेल तर ती कित्येक आठवडे आधी बंद.

ऑपरेशनला दोन तासही लागले नाहीत. त्याच संध्याकाळी तिला चालवले, पायांत रक्त गोठू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी घरी सोडले. सोडताना डॉक्टरांनी बजावले : ताप, वाढणारी पोटदुखी, विनाकारण धडधडणारी नाडी, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. जठराची शिवण क्वचित गळते, तिची ही चिन्हे. उलट्या सुरूच राहिल्या तरीही यायचे, कारण मग बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने घटते.

खरी परीक्षा पुढे होती आणि ती आमच्या स्वयंपाकघरात झाली. औषधाच्या बाटलीवर येते तसले ३० मिलीचे टोपण, तेवढे पाणी पंधरा मिनिटांत घोटघोट प्यायचे. आधी नितळ पातळ पदार्थ, मग दूध-ताक, मग मिक्सरमधून काढलेले, मग मऊ आणि दीड-दोन महिन्यांनी साधे जेवण. घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. रोज किमान साठ ग्रॅम प्रथिने हवीत म्हटल्यावर आमच्या शाकाहारी घराला घाम फुटला. वरण-भात म्हणजे पूर्णान्न ही आपली समजूत, पण त्यात भातच फार. मग पनीर, मूग, घट्ट दही आणि डॉक्टरांनी दिलेली पावडर. चौथ्या महिन्यात केस गळू लागले. ते परत येतात, पण कंगव्यातला गुंता पाहून ती रडायची.

आठव्या महिन्यात पोटात कळ आली. वजन झपाट्याने उतरले की पित्ताशयात खडे होऊ शकतात, ते झाले होते. आता नातेवाइकांना काय सांगणार? ‘अहो, ते तर मागेच काढले ना?’ माझ्या मेहुणीने फोनवर विचारले. मी कादंबरीकार असून मला काही सुचेना. शेवटी सौ.नेच फोन घेतला आणि सगळे सांगून टाकले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग मेहुणी म्हणाली, ‘ताई, मला अगोदर का नाही सांगितलंस? माझं वजन एकशेचार आहे.’

त्या एका वाक्याने आमची लाज कुठल्या कुठे गेली. लपवण्याने आपण स्वतःचे फारसे काही वाचवत नाही, मात्र दुसऱ्याची वाट बंद करतो. नितीन गडकरी यांनी २०११ साली ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा ती बातमी उघडपणे छापून आली होती. पुढाऱ्याला जे झेपते ते आपल्याला झेपू नये?

बँकेत मी तीस वर्षे कर्जे मंजूर केली. मंजुरीचे पत्र हाती पडले की कर्जदाराला वाटते, सुटलो. वास्तविक त्या दिवशी हप्ते सुरू होतात. या शस्त्रक्रियेचेही तसेच. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि वर्षातून तपासण्या, हे जन्मभर. हप्ते चुकवणारे मी पाहिले आहेत. जाहिरातीतले आधीचे आणि नंतरचे फोटो मात्र हप्त्यांविषयी बोलत नाहीत. जो दवाखाना दहा वर्षांनंतरच्या तपासणीविषयी बोलत नाही, तिथे सही करू नये. विम्याचेही पाहून ठेवावे. नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा अधिक असेल, अथवा ३५ किंवा अधिक असून सोबत अनियंत्रित मधुमेहासारखा गंभीर आजार असेल आणि साधे उपाय थकले असतील, तर हा खर्च ‘लठ्ठपणावरचा उपचार’ एवढ्याच कारणाने नाकारता येत नाही. पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ तेवढा वाचावा. आता वजन घटवणारी इंजेक्शनेही आली आहेत. कुणाला काय लागू पडेल ते डॉक्टर सांगतील, पण हप्ते तिथेही आहेतच.

वर्षभरात तिचे वजन ७८ वर आले. आज ते ८२ आहे. चार किलो परत आले, तसे थोडे येतातच. इन्सुलिन थांबले, एक गोळी उरली. जिना ती माझ्याआधी चढते.

अडचण एकच उरली आहे, आपल्या आग्रहाची. परवा एका लग्नात यजमानीणबाईंनी जिलबीचे ताट पुढे करून ‘आमच्याकडचं चालत नाही वाटतं?’ असे म्हटले, तेव्हा सौ. हसली. शेजारी बसलेल्या मी नेहमीप्रमाणे ‘घे गं, एकाने काय होतं’ म्हणायला तोंड उघडले आणि मिटले. लग्नाला सदतीस वर्षे झाली. हे वाक्य मी किती वेळा म्हटले असेन, त्याचा हिशेब मात्र कुठल्याच खतावणीत नाही.