खोक्यावरचे वॅट आणि आपली खोली

कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ काढला आणि मराठी चित्रपट बोलू लागला. आता बोलपट घरी बसून पाहता येतो. आमच्या कोडोलीतही होम थिएटरची खोकी घरोघर येऊ लागली आहेत. अशा वेळी शेजाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो, “किती वॅटचे?” माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे, आणि तो अपुरा का, हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्याने घरच्यांना सांगितले पाहिजे.

वॅट हे शक्तीचे एकक. स्पीकरला दर सेकंदास किती विद्युत ऊर्जा मिळते, एवढेच ते सांगते. घरगुती स्पीकरमध्ये त्यातील बहुधा शेकडा एकाहूनही कमी भाग ध्वनीत बदलतो. बाकीची उष्णता होते. वॅट दुप्पट केले तर आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबेलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट सुमारे दसपट लागतात! म्हणून विचारायचे ते असे : एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबेल मिळतात? ८४ डेसिबेलच्या स्पीकरला ४० वॅट लागतील तेथे ९० डेसिबेलच्या स्पीकरला १० वॅट पुरतात. खोक्यावर ‘पी. एम. पी. ओ.’ असा भला मोठा आकडा असेल तर तो सोडून द्यावा. तो क्षणभराच्या कमाल शक्तीचा असतो व तो मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही. सतत मिळणारी, म्हणजे ‘आर. एम. एस.’ शक्ती विचारावी.

परंतु याहून महत्त्वाची वस्तू दुकानात मिळतच नाही. ती म्हणजे आपली खोली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द कळेनात, म्हणून १८९५ साली वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकीच्या शिक्षकाकडे ते काम आले. रिकाम्या सभागृहात आवाज सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत होता. सॅबिनने रात्री-रात्री जागून, दुसऱ्या सभागृहातील गाद्या आणून मांडल्या आणि निनाद किती कमी होतो ते मोजले. त्यातून साधा नियम मिळाला : निनादकाल (सेकंद) = ०.१६ × घनफळ (घनमीटर) ÷ शोषण. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचे एक एकक.

आता ५ × ४ × ३ मीटरची स्लॅबची खोली घ्या. घनफळ ६० घनमीटर. गिलाव्याच्या भिंती व फरशी यांचे शोषण मिळून जेमतेम ३ एकके. म्हणजे निनादकाल ३.२ सेकंद! एक शब्द विरण्याआधी पुढचे दहा त्यावर येऊन आदळतात. वॅट वाढवून हा गोंधळ फक्त मोठा होतो. जाड पडदे, सतरंजी, गाद्या, पुस्तकांची कपाटे आणि माणसे मिळून शोषण १६ झाले, तर निनादकाल ०.६ सेकंदांवर येतो व तेच यंत्र स्पष्ट बोलू लागते.

म्हणून खरेदीचा क्रम माझ्या मते असा असावा. आधी खोलीत टाळी वाजवून पाहावी. ती घुमत असेल तर पहिला खर्च पडदे-सतरंजीवर करावा. मग पाच स्पीकरांच्या संचात मधला स्पीकर चांगला निवडावा, कारण संवाद मुख्यतः त्यातून येतात. सबवूफर कोपऱ्यात ठेवल्यास घुमणे वाढते. जागा बदलून ऐकावे. रात्री दहानंतर निवासी भागात कायद्याची मर्यादा ४५ डेसिबेल आहे, याचेही भान ठेवावे.

शिक्षकांना एक विनंती. ‘ध्वनी’ हा धडा शिकवताना वर्गाचे घनफळ मोजून घ्या, टाळी वाजवायला लावा. शेतकऱ्याच्या घरात उसाच्या बिलातून हजारो रुपये मोजून यंत्र येते. ते निवडताना मुलाचा भौतिकीचा धडा कामी येत नसेल, तर तो शिकवला असे कसे म्हणावे?