आधी कोण वळणार?

मारेगावच्या माणसाने समुद्रावर लिहावं म्हणजे जरा अतीच झालं, असं काहींना वाटेल. वाटू द्या. तालुक्याच्या कडेने वर्धा नदी जाते, तेवढंच काय ते आमचं पाणी. पण शिडाची होडी आणि इंजिनाची होडी समोरासमोर आल्या तर वळायचं कोणी, हा प्रश्न मला ओळखीचा आहे. आमच्या वणी रोडवर कापसाने भरलेली बंडी आणि कोळशाचा ट्रक यांच्यात तोच प्रश्न असतो. आपल्याकडे उत्तर ठरलेलं: "बाजू हो बे!" ज्याचा हॉर्न मोठा, त्याचा रस्ता.

समुद्रावर उत्तर नेमकं उलटं आहे. टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू झाले. त्यातला अठरावा नियम सांगतो की इंजिनवाल्याने शिडवाल्याच्या वाटेतून दूर राहायचं. आता यावर दोन प्रकारची मंडळी भेटतात. पहिली म्हणते, हा जुन्या काळातला लाड आहे, वेगवाल्याने का थांबावं? दुसरी म्हणते, शीड उभारलं की हक्क आमचा! माझं भांडण दोघांशीही आहे.

मुळात हा लाड नाहीच. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊच शकत नाही, तिला तिरकं, नागमोडी जावं लागतं. वारा पडला तर ती जागच्या जागी. इंजिनवाल्याला मात्र हवं तिकडे वळता येतं, थांबता येतं, मागेही जाता येतं. म्हणजे ज्याच्या हातात पर्याय जास्त, त्याने वळायचं. साधा हिशोब.

आणि हाच हिशोब शिडवाल्यालाही लागतो, हे हक्कवाले सोयीने विसरतात. जाळं टाकून मासेमारी करणारी बोट समोर असेल तर शिडवाल्यानेच दूर व्हायचं, कारण जाळं पाण्यात असताना तिला वळणं अवघड. मागून ओलांडून जात असेल तरी जबाबदारी ओलांडणाऱ्याची, शीड असो वा नसो. बंदराच्या अरुंद खोल वाटेतूनच जाऊ शकणाऱ्या जहाजाला शिडाच्या होडीने अडवायचं नाही. आणि शीड वर असलं तरी खाली इंजिन चालू केलंत, की नियमाच्या दृष्टीने तुम्ही इंजिनवालेच! शिडाचं कापड दाखवून सवलत मिळत नाही.

मग ज्याला वाट द्यायची, त्याने काय करायचं? त्याने आपली दिशा आणि वेग कायम ठेवायचा. प्रोग्रॅमिंगवाल्यांना हे लगेच पटेल. गल्लीत समोरून माणूस येतो, आपण डावीकडे सरकतो, तोही तिकडेच सरकतो, मग दोघेही उजवीकडे.. दोन प्रोसेस एकमेकींना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत बसल्या की असंच होतं. म्हणून एकाने वळायचं आणि दुसऱ्याने सरळ राहायचं, म्हणजे वळणाऱ्याला अंदाज येतो. पण समोरचा वळतच नाही असं दिसलं तर सरळ जाणाऱ्यालाही हालचाल करायची मुभा आहे, आणि एकट्या समोरच्याच्या वळण्याने टक्कर टळणार नाही इतकं जवळ आल्यावर ती सक्तीच होते. "माझा हक्क होता" म्हणत धडकणं हा बचाव नव्हे.

१८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली. दोन्ही बोटींवरचे मिळून १५ जीव गेले. दोन्ही इंजिनाच्या, त्यामुळे शिडाचा नियम तिथे लागूच नव्हता. इंजिनाची चाचणी चालू असताना ताबा सुटला, असं नौदलाने सांगितलं. अहो, पण ताबा सुटू शकतो, काहीतरी बिघडू शकतं, म्हणूनच तर चाचणी घेतात ना? मग ती प्रवासी लाँच ये-जा करतात त्या पाण्यात कशाला? कुठे आणि कधी चाचणी घ्यायची हा पर्याय एकाच बाजूकडे होता. गच्च भरलेल्या लाँचकडे तो नव्हता. नियमाचं कलम कुठलंही लावा, हिशोब तोच राहतो.

"मोठ्या गाडीला थांबायला वेळ लागतो, म्हणून लहानाने बाजूला व्हावं" असंही कोणी म्हणेल. बरोबर आहे, भरलेल्या मालवाहू जहाजालाही थांबायला कित्येक किलोमीटर लागू शकतात, आणि शहाणा शिडवाला ते लांबून बघून टक्करीचा प्रश्न उभा राहायच्या आतच बाजूला होतो. पण तो त्याचा शहाणपणा झाला. तो गृहीत धरून वेग वाढवणं हा जहाजवाल्याचा हक्क होत नाही. ट्रकवाल्याचाही नाही. बैलांना ब्रेक नसतो, बंडीला रिव्हर्स नसतो, आणि खाली उतरलं तर कापूस नालीत. ट्रकला स्टिअरिंग आहे, ब्रेक आहे, आरसे आहेत, आणि तरी हॉर्न तोच वाजवतो.

असो. पुढच्या वेळी हॉर्नवर हात जाईल तेव्हा एवढंच बघा, दोघांपैकी वळणं कोणाला सोपं आहे. उत्तर बहुतेक वेळा हॉर्नवाल्यालाच असतं.