कोडिंग शिकवताय? मग आधी डीबगर उघडून द्या



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आला आणि सगळीकडे एकच घाई सुरू झाली: मुलाने प्रोग्राम लवकर 'बनवला' पाहिजे. दाखवलेल्या ओळी उतरवायच्या, चालला की टाळ्या, नाही चालला तर सर येऊन दुरुस्त करणार. यात मूल टायपिंग शिकतं, बाकी फार काही नाही. माझं म्हणणं असं की पहिल्या आठवड्यातच मुलांच्या हाती डीबगर द्या.

डीबगर म्हणजे प्रोग्राम एका दमात न पळवता थांबत-थांबत चालवणारं साधन. कोणत्या चलात आत्ता कोणती किंमत आहे ते समोर दिसत राहतं. गणितात आपण "पायऱ्या दाखव" म्हणतो ना, तेच.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचंच उदाहरण घ्या. तेंदूपत्त्याचे पुडे आणि फळीवरची मोजणी मुलांना समजावून सांगावी लागत नाही. पाच दिवसांचे पुडे ८०, ९५, ११०, ७०, १००. एकूण ४५५ यायला हवेत, प्रोग्राम सांगतो १००. गंमत म्हणजे लाल अक्षरांत कुठलीच एरर नाही! 'एकूण = ०' ही ओळ फॉर लूपच्या आत गेली आहे, एवढंच. (पायथनमध्ये चलांची नावं देवनागरीत चालतात, जरूर वापरा.) डीबगर लावला की मुलाला स्वतःच दिसतं: एकूण ८० झालं, आणि पुढच्या फेरीत परत शून्य. मग आपण तोंड उघडायची गरजच नाही.

यासाठी थॉनी हे मोफत सॉफ्टवेअर मला सगळ्यात सोयीचं वाटतं. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच ते तयार झालं. पायथन सोबतच येतं, डीबगरही आतच असतो. एकदा डाउनलोड करून पेनड्राइव्हवर घेतलं की नेटवर्क नसलेल्या शाळेतही बसवता येतं. व्ह्यू मेनूत व्हेरिएबल्सवर टिक करा, फाइल सेव्ह करा आणि किड्याचं चित्र असलेलं बटण दाबा, किंवा कंट्रोल आणि एफ ५. पुढे एफ ६ आणि एफ ७. इथे एक गोष्ट सांभाळा: फॉरच्या ओळीवर एफ ६ दाबलं तर अख्खा लूप एका झटक्यात संपतो. आत शिरायचं तर एफ ७. व्हीएस कोड चांगलंच आहे, पण त्यात पायथनचं एक्स्टेन्शन घाला, इंटरप्रिटर निवडा, ब्रेकपॉइंट लावा... ते आठवी-नववीनंतर बघू.

"आमच्या पोरांना याचा काय उपयोग?" असं काही पालक विचारतात. गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा आज पेसा आणि वनहक्क कायद्याच्या आधारे तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करतात. त्यांचा हिशोब उद्या संगणकावर जाईल, आणि संगणकाने दिलेला आकडा बरोबरच असणार असं मानणारी पिढी तिथे बसली तर नुकसान मजुरी करणाऱ्या आईबापांचंच आहे.

म्हणून पालकहो, घरी "झालं का?" विचारण्याऐवजी "कोणत्या ओळीवर बिघडलं?" असं विचारा. आणि शिक्षकहो, मुलाच्या हातातला माउस आपण घेऊ नका. पुढच्या चाचणीत चालू प्रोग्राम लिहायला सांगण्यापेक्षा बिघडलेला एक द्या. चूक सापडलेली ओळ दाखवली की निम्मे गुण तिथेच द्यायचे, दुरुस्ती जमो न जमो.