शाल-श्रीफळाच्या आधीची तीन वर्षे

दहावीचे निकाल लागले की आपल्या गावात गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. मंडळे, पतसंस्था, ज्ञाती-संस्था आणि आपली डॉक्टरांची संघटनाही त्यात मागे नसते. व्यासपीठावर खुर्च्या, पाठीमागे फलक, समोर नवे कपडे घालून आलेली मुले आणि त्यांच्याहून अधिक बावरलेले त्यांचे आईवडील. शाल, श्रीफळ, प्रशस्तिपत्र, वह्यांचा संच दिला जातो आणि प्रमुख पाहुणे सांगतात, "खूप शिका, मोठे व्हा, गावाचे नाव उज्ज्वल करा." या खुर्चीवर मीही अनेकदा बसलो आहे आणि हे वाक्य मीही अनेकदा उच्चारले आहे. आज त्या वाक्याबद्दलच चार शब्द लिहावयाचे आहेत.

काही वर्षांपूर्वी अशाच एका समारंभात तालुक्यातील एका खेड्यातल्या मुलाला मी शाल घातली. शेतकरी कुटुंबातला, मराठी माध्यमाच्या शाळेतला मुलगा. दहावीला ६२५ पैकी ५७० च्या वर गुण. त्याची आई माझी मधुमेहाची रुग्ण, त्यामुळे ओळख जुनी. मी मोठ्या उत्साहाने त्याला सांगितले, "आता सायन्स घे. डॉक्टर हो." त्यानंतर आई औषधाला येत राहिली. मी तिची साखर तपासत राहिलो, पायांना मुंग्या येतात का ते विचारत राहिलो. मुलाची चौकशी मात्र एकदाही केली नाही. दोन वर्षांनी सहज विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "पहिल्याच वर्षाला नापास झाला न्हवं डॉक्टर. तुम्ही सांगितलासा म्हणून सायन्स घेतला. पण तिथं समदं इंग्लिशात. पोराला काय कळंना झालं बघा. आता उद्यमबागला कामाला जातोय."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागले. उद्यमबागेतील काम हलके आहे असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. बेळगावच्या फौंड्र्या आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने अशाच हातांवर उभे आहेत. पण तो मुलगा तिथे आपल्या आवडीने गेला नव्हता, हरून गेला होता. त्या हरण्यात माझ्या एका वाक्याचा वाटा होता.

आपण डॉक्टर मंडळी गरोदर स्त्रीची नोंदणी पहिल्या तीन महिन्यांत व्हावी असा आग्रह धरतो. थेट कळा सुरू झाल्यावर दाखल होणारी, आधी एकदाही तपासणी न झालेली रुग्ण आली की आपल्या कपाळावर आठ्या पडतात. परंतु विद्यार्थ्यांच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो. निकाल हाती पडल्यावर त्यांना प्रथमच भेटतो, आशीर्वाद देतो आणि निरोप देतो. माझे मत स्पष्ट आहे. महाविद्यालयीन शिक्षणाची तयारी आठवी-नववीत सुरू व्हावयास हवी आणि आपल्या संघटनेला खरोखर मदत करावयाची असेल तर ती शाल-श्रीफळाच्या आधीच्या तीन वर्षांत केली पाहिजे. ही तयारी मुख्यतः तीन गोष्टींची आहे : भाषा, कागद आणि वाट.

पहिली गोष्ट भाषेची. मराठी माध्यमात दहावीपर्यंत 'त्वरण', 'संवेग', 'परासरण', 'केंद्रक' शिकलेला मुलगा पी.यू.सी.च्या वर्गात बसतो आणि पहिल्याच आठवड्यात ॲक्सिलरेशन, मोमेंटम, ऑस्मोसिस, न्यूक्लियस त्याच्या अंगावर कोसळतात. संकल्पना त्याला ठाऊक असते, तिचे नवे नाव ठाऊक नसते. शेजारचा मुलगा उत्तर देतो, हा गप्प राहतो. महिन्याभरात आपण 'ढ' आहोत अशी त्याची खात्री पटते. यावर "मग मराठी माध्यमात घालताच कशाला?" असा प्रश्न आपल्यातलेच काही जण विचारतात. मला तो मान्य नाही. मातृभाषेत समजलेला विषय पक्का असतो. कमी पडतो तो दोन भाषांमधला पूल. दहावीची परीक्षा आणि पी.यू.सी.चे वर्ग यांच्यामध्ये सुट्टीचे काही आठवडे मिळतात. त्या सुट्टीत रोज दोन तास, मराठी संज्ञेसमोर इंग्रजी संज्ञा ठेवून, पी.यू.सी.च्या पुस्तकातील पहिली दोन-तीन प्रकरणे मोठ्याने वाचून घेतली तरी हा पूल पुष्कळसा बांधून होतो. नववीपासून आठवड्याला एक तास दिला तर अधिकच उत्तम.

भाषेच्याच संदर्भात एक बारकावा पालकांना क्वचितच ठाऊक असतो. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा १३ भाषांत देता येते आणि त्यांत मराठी आहे, हे ऐकून आपल्याकडचे पालक निश्चिंत होतात. परंतु मराठी प्रश्नपत्रिकेची सोय महाराष्ट्रातील केंद्रांवर असते. कर्नाटकातील केंद्रांवर प्रादेशिक भाषा म्हणून कन्नड मिळते. म्हणजे बेळगावच्या विद्यार्थ्याला मराठी प्रश्नपत्रिका हवी असेल तर अर्ज भरतानाच कोल्हापूरसारखे केंद्र निवडावे लागते. शिवाय भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी पाठच ग्राह्य धरला जातो. दोन वर्षे इंग्रजीतून शिकून शेवटच्या दिवशी मराठीकडे वळणे मला श्रेयस्कर वाटत नाही. पण जो निर्णय घ्यावयाचा तो माहिती घेऊन आणि वेळेवर घ्यावा.

आणि कन्नडविषयी. येथे राहणाऱ्या मुलाने कन्नड उत्तम शिकावे, हे मी व्यवसायाच्या अनुभवावरून सांगतो. वॉर्डातला रुग्ण आपले दुखणे आपल्याच भाषेत सांगतो. त्याची भाषा येणे यात मराठीचा उणेपणा नाही, डॉक्टरचा फायदा आहे.

दुसरी गोष्ट कागदांची. हा विषय रुक्ष वाटेल, पण हुशार मुलांचे नुकसान होताना मी सर्वाधिक इथेच पाहिले आहे. कर्नाटकातील शासकीय कोट्यातून प्रवेश घेणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांसाठी पहिली ते बारावी या काळात किमान सात वर्षे राज्यातील मान्यताप्राप्त शाळांत शिक्षण झाले असणे ही मूलभूत अट असते. ग्रामीण आरक्षणासाठी तर पहिली ते दहावी अशी सगळी दहा वर्षे ग्रामीण भागातील शाळेत शिकलेले असावे लागते. आठवीत "चांगली शाळा" म्हणून मुलाला खेड्यातून शहरात आणणाऱ्या किती पालकांना हे ठाऊक असते? शहरात आणू नये असे माझे म्हणणे नाही. काय सोडून काय घेत आहोत, एवढे माहीत असावे. दुसरीकडे, महाराष्ट्र शासनाने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी त्या राज्याच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत स्वतंत्र तरतूद आहे. त्यासाठी सीमाभागातील वास्तव्य, तेथील मान्यताप्राप्त संस्थेतील शिक्षण आणि मातृभाषा मराठी असल्याचे दाखले लागतात. सीमाप्रश्नाच्या वादात येथे शिरावयाचे नाही. दोन्हीकडची दारे कोणत्या किल्लीने उघडतात, एवढेच मुलाला कळावे.

त्यातच आपल्याकडची नावांची तऱ्हा. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, कुठे वडिलांचे नाव पूर्ण तर कुठे नुसते आद्याक्षर. मराठीतून कन्नडमध्ये आणि कन्नडमधून इंग्रजीत जाताना स्पेलिंगचे रूप बदललेले. समुपदेशनाच्या दिवशी हे लक्षात आले तर धावाधाव कचेऱ्यांच्या वेळेत संपत नाही. नववीत लक्षात आले, तर दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव छापले जाण्याआधी शांतपणे दुरुस्त होते. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचण्याची सवयही मुलाला याच वयात लावली पाहिजे.

तिसरी गोष्ट वाटेची, आणि इथे आपण डॉक्टरांनी आधी स्वतःकडे पाहावे. २०२४ साली 'नीट' देणारे विद्यार्थी २३ लाखांहून अधिक होते. त्या सुमारास देशभरातील सर्व सरकारी आणि खाजगी एम.बी.बी.एस. जागा मिळून सव्वा लाखाच्या आत होत्या. खाजगी जागांचे शुल्क शेतकरी वा नोकरदार कुटुंबाच्या आवाक्यातले नसते. हा हिशेब आपल्याला पाठ आहे. तरीही दवाखान्यात आलेल्या प्रत्येक हुशार मुलाला आपण "डॉक्टर हो" म्हणतो, आणि घरी तर हॉस्पिटलला वारस हवा म्हणून मुलांना एक, दोन, तीन वर्षे पुन्हा परीक्षेला बसवतो. परीक्षेच्या दिवसांत पोटदुखी, डोकेदुखी, निद्रानाश घेऊन येणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल. आपण आम्लपित्ताचे औषध लिहून देतो. "तुला खरोखर काय शिकायचे आहे?" हा प्रश्न लिहून देण्यासारखा नसतो, म्हणून राहून जातो.

वाटा कमी नाहीत. धारवाडला कृषी विज्ञान विद्यापीठ आहे, २०१६ पासून आय.आय.टी. आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच गावात आहे. दहावीनंतर डिप्लोमा करून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. उद्यमबागेत हरून गेलेल्या त्या मुलाला ही वाट दहावीलाच कोणी दाखवली असती, तर तो त्याच कारखान्यात वेगळ्या पायरीवर, ताठ मानेने गेला असता. राज्याच्या सी.ई.टी.तून अभियांत्रिकीला जाणाऱ्याने हेही जाणावे की गुणानुक्रमात निम्मा वाटा पी.यू.सी.च्या गुणांचा असतो. केवळ क्लासच्या मागे लागून महाविद्यालयाकडे पाठ फिरवणे महागात पडते. आणि आपल्या क्षेत्रातलेच पाहा : परिचर्या, भौतिकोपचार, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, क्ष-किरण आणि इमेजिंग, डायलिसिस, दृष्टीमिती. यांतील परिचर्या वगळता इतर व्यवसायांसाठी २०२१ साली संसदेने स्वतंत्र आयोगाचा कायदा केला. या मंडळींशिवाय आपले एकही हॉस्पिटल एक दिवस चालणार नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? तरी या वाटा आपण मुलांना 'एम.बी.बी.एस. नाही मिळाले तर' अशा सुरात सांगतो. सूर बदलावयास हवा.

यावर माझ्या व्यवसायबंधूंचा आक्षेप मला ऐकू येतो : "ओपीडीतून मान वर काढायला वेळ नाही, हे शिक्षकांचे काम आहे." शिक्षक ते करतात, पण मराठी शाळांतील शिक्षकसंख्या आणि त्यांच्यावरील इतर कामांचा बोजा आपण जाणतो. शिवाय आपल्याकडे एक गोष्ट आहे जी इतरांकडे सहसा नसते. कुटुंबाचा विश्वास. वडील मुलाचे ऐकणार नाहीत, पण डॉक्टरांचे ऐकतील. माझ्या एका वाक्यावर त्या मुलाने शाखा निवडली होती. ज्या शब्दाला एवढे वजन आहे, तो उच्चारून विसरून जाण्याचा आपल्याला अधिकार नाही.

म्हणून तीन साध्या सूचना. आपल्या संघटनेच्या प्रत्येक सभासदाने नववीतील एका विद्यार्थ्याची जबाबदारी घ्यावी आणि ती बारावीपर्यंत सोडू नये. महिन्याला एक तास पुरे. मातृत्व कार्डावर तपासणीच्या तारखा असतात तसे एक कार्ड करावे : नववीत नाव आणि दाखल्यांची तपासणी, दहावीत आवडीविषयी आणि खर्चाविषयी आईवडिलांसह बैठक, सुट्टीत भाषेचा वर्ग, पी.यू.सी.च्या पहिल्या चाचणीनंतर न चुकता भेट. मुले गळतात ती बहुधा या पहिल्या चाचणीनंतरच. दुसरे, येळ्ळूर, कडोली, उचगाव, बेळगुंदी येथील मंडळी स्वतःच्या बळावर दरवर्षी साहित्य संमेलने भरवतात. अशा गावांत सुट्टीतील भाषावर्गासाठी जागा आणि माणसे मिळणे कठीण नाही. आपण पुस्तके आणि शिकवणाऱ्याचे मानधन द्यावे. तिसरे, दर मे महिन्यात काही मुलांना आठवडाभर आपल्या हॉस्पिटलात येऊ द्यावे. त्यांनी केवळ डॉक्टरांच्या खोलीत न बसता लॅबमध्ये, क्ष-किरण विभागात, परिचारिकांबरोबर वेळ घालवावा. कुणाला रक्त पाहून भोवळ येते, कुणाचे डोळे सूक्ष्मदर्शकातून हलत नाहीत. निवड अशी कळते.

गुणगौरव समारंभ बंद करावा असे मी म्हणत नाही. कौतुकाची भूक प्रत्येक मुलाला असते. मात्र व्यासपीठावर येणाऱ्या मुलाचे नाव आपण कागदावरून वाचू नये, ते आपल्याला आधीपासून ठाऊक असावे, एवढीच अपेक्षा आहे.

त्या मुलाला मी पुढे एकदा बोलावून घेतले. तो आला, बसला आणि म्हणाला, "आईची गोळी बदललीय का डॉक्टर?" स्वतःविषयी त्याला काही बोलावयाचे नव्हते. त्याची धाकटी बहीण यंदा नववीत आहे. तिची कागदपत्रे मी पाहिली. शाळेच्या दाखल्यावरचे वडिलांचे नाव चुकले आहे. दुरुस्तीला अजून वेळ आहे.