फळ्यावरचे हंसपद

आमच्या गावच्या वाचनालयाच्या दारात एक काळा फळा असे. वर मधोमध तिथी, वार आणि तारीख. डावीकडे 'दिनविशेष', उजवीकडे 'आजचा शब्द', त्याखाली 'हे ठाऊक आहे का?' आणि अगदी तळाशी, जिथे खडू पुसट व्हायचा, तिथे 'हास्यकण'. सकाळी आठला वाचनालय उघडायचे. त्याआधी दहा मिनिटे एक काका स्टुलावर उभे राहून हा सगळा मजकूर लिहीत. अक्षर मोत्यांसारखे. ते ना पगारी नोकर, ना समितीचे सभासद. फळा रिकामा दिसला की त्यांना करमत नसे, एवढेच.

गावातली निम्मी माणसे वाचनालयात न शिरता फळाच वाचून पुढे जात. दूध आणायला निघालेला मुलगा, देवळातून परतणाऱ्या आजीबाई, सायकल पायाशी टेकवून उभा राहिलेला पोस्टमन. संध्याकाळपर्यंत तो विनोद गावभर झालेला असे. एकदा काकांनी लिहिले : 'गुरुजी : पानिपतची तिसरी लढाई कुठे झाली? बंडू : पुस्तकाच्या पान त्रेपन्नवर.' दुसऱ्या दिवशी एका सद्गृहस्थांनी वाचनालयात लेखी तक्रार दिली, की चालू पुस्तकात ती लढाई एकसष्टाव्या पानावर आहे. तक्रार गंभीरपणे दिली होती की काय, हे आजतागायत कळलेले नाही.

तर सांगायची गोष्ट १६ एप्रिलची. काकांनी डावीकडे लिहिले, '१८५३ : भारतातील पहिली रेल्वे बोरीबंदर ते ठाणे धावली.' दरवर्षीचीच ओळ. दुपारी कधीतरी रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचायला आले, फळ्यापुढे थबकले, खडूचा तुकडा उचलून त्यांनी 'पहिली' आणि 'रेल्वे' यांच्यामध्ये खाली एक छोटी टोपी काढली आणि वर लिहिले, 'प्रवासी'.

या टोपीला आपल्याकडे हंसपद म्हणतात. जुन्या पोथ्यांच्या संदर्भात काकपद असाही शब्द आहे. लेखनिकाच्या हातून अक्षर गळले की तिथे हे पक्ष्याचे पाऊल उमटवायचे आणि गळलेले वर किंवा समासात लिहायचे. कावळा म्हणा, हंस म्हणा. गळलेले परत आणून देणारा पक्षी तो.

काकांना राग आला. 'माझ्या फळ्यावर' कुणीतरी हात चालवला, याचा. पण माणूस मोठा सरळ. त्यांनी त्या गृहस्थांना गाठले आणि विचारले, पहिली प्रवासी, तर मग त्याआधी कोण धावत होते? आणि मग जे बाहेर आले ते दुसऱ्या दिवशी फळ्याच्या अर्ध्या भागावर पसरले. १८३७ साली मद्रासजवळ रेड हिल्स येथे रस्त्याचे दगड वाहण्यासाठी रेल्वे घातली गेली होती. १८५१ साली रुडकीला गंगेच्या कालव्याचा सोलानी नदीवरचा पूल बांधताना माती ओढायला वाफेचे इंजिन आले होते. म्हणजे आपल्या देशात रेल्वेत बसण्याचा पहिला मान दगडांना, दुसरा मातीला आणि मग माणसांना! बोरीबंदरहून निघालेल्या त्या गाडीला चौदा डबे, चारशे पाहुणे आणि तीन इंजिने होती, साहिब, सिंध आणि सुलतान. एकवीस मैलांच्या प्रवासाला निघताना एकवीस तोफांची सलामी मिळाली. हे सारे आधीही ठाऊक होते. पण दगडमातीच्या पाठोपाठ आल्यावर त्याची चव वाढली.

मला त्या दिवसापासून दिनविशेष या प्रकाराचे कोडे थोडे उलगडले. अशा माहितीला 'फुटकळ' म्हणण्याची पद्धत आहे. ती फुटकळ आहेच. तिने परीक्षेत गुण मिळत नाहीत की बाजारात भाव मिळत नाही. पण घरात चहाच्या वेळी आजोबा, सून आणि सातवीतला नातू या तिघांना एकाच वेळी बोलता येईल असे विषय किती उरले आहेत? राजकारण काढले तर कप आपटले जातात. पगाराचा विषय काढला तर चहा गार होतो. 'पगार' हा शब्द पोर्तुगीज आहे, असे म्हटले तर मात्र तिघेही कान टवकारतात.

कारण तिथून पुढे रांगच लागते. चावी, साबण, परात, बिजागरी, घमेले, लिलाव, नाताळ, सगळी पोर्तुगीज जहाजातून उतरलेली मंडळी. 'तुरुंग'सुद्धा. त्यांच्याकडे 'त्रोंको' म्हणजे झाडाचे खोड; कैद्याचे पाय अडकवण्याच्या लाकडी खोड्यालाही तेच नाव. पावाबद्दल आपल्या आज्या सांगत, की त्याचे पीठ पायाने तुडवतात म्हणून तो पाव. या एका व्युत्पत्तीने कित्येक सोवळ्या घरांची दारे पावाला बंद ठेवली. खरी गोष्ट अगदी साधी आहे : पोर्तुगीजांच्या भाषेत भाकरी-रोटीच्या जागी असलेला शब्दच 'पांव'. पायाचा काही संबंध नाही.

खरी कथा रचलेल्या कथेहून जास्त गमतीची असते, हे एकादशीला ताट वाढताना पाहावे. साबुदाण्याच्या खिचडीइतके सोज्ज्वळ, आजीच्या हातचे, देवाला चालणारे दुसरे काय असेल? साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमला. आणि नावातला 'साबु' मलाया-जावाकडच्या 'सागू' नावाच्या ताडाचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिकडचाच, आणि त्याचे नाव कॅरिबियन बेटांवरच्या लोकांनी रताळ्याला दिलेले. हिरवी मिरचीही अमेरिकेतलीच. बाजूला रताळ्याचा कीस असेल तर तोही. तूप आणि मीठ तेवढे घरचे! या साऱ्यांना आपण उपासाला चालवून घेतले आणि इथल्या मातीतल्या तुरीला मात्र त्या दिवशी बाहेर बसवले. ही माहिती आमच्या घरी सांगितली तेव्हा आईने दोन मिनिटे विचार केला आणि म्हणाली, 'पाहुण्यांना आधी वाढायचे असते.' यावर इतिहासकाराने तरी काय बोलावे?

शब्दांच्या बाबतीत सावध मात्र राहावे लागते. मुंबईचे नाव पोर्तुगीज 'बॉम बाहिया'वरून, म्हणजे सुंदर उपसागरावरून आले, हे ऐटीत सांगणारे पुष्कळ भेटतात. पण त्या भाषेत उपसागर स्त्रीलिंगी. तिथे 'बॉम' नव्हे, 'बोआ' हवे. मुंबादेवीला लिंगभेदाची असली अडचण नाही. भेंडीबाजार म्हणजे इंग्रजांचा 'बिहाइंड द बझार', ही तशीच एक खुसखुशीत कथा. जुन्या गॅझेटियरने तिथल्या भेंडीच्या झाडांकडे बोट दाखवले आहे. ही भेंडी भाजीची नव्हे, किनाऱ्यावर वाढणारी, पिवळ्या फुलांची. झाडे गेली, मग गोष्ट रचणे भाग पडले.

आणि तारखा? तारखांइतके निसरडे काही नाही. आज माहीमहून वांद्र्याला जायला, रहदारी नसेल तर, दहा मिनिटे लागतात. सतराव्या शतकाच्या अखेरीला तेवढीच खाडी ओलांडली की माणूस दहा दिवस पुढे जात असे. गंमत नाही ही. १६६५ पासून मुंबई बेट इंग्रजांकडे आणि खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगीजांकडे. पोपने १५८२ साली पंचांग सुधारले तेव्हा गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर एकदम शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. पोर्तुगीजांनी ते लगोलग मानले. इंग्रजांनी पोपचे ऐकायचे नाही म्हणून सूर्यालाही जुमानले नाही. थेट १७५२ सालापर्यंत. १७०० साली फरक आणखी एका दिवसाने वाढून अकरावर गेला. त्यात भर म्हणजे इंग्रजांचे सरकारी वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. म्हणजे जानेवारीत वांद्र्याचा पाद्री १७०१ लिहीत असताना माहीमचा इंग्रज कारकून अजून १७०० सालातच! तिकडे मराठ्यांच्या कागदांत शक, सुहूर सन आणि चंद्र पाहून लिहिलेली तारीख निराळीच. साष्टीत १७३७ साली मराठे आले आणि या घोळाला तिसरी बाजू मिळाली.

हा घोळ केवळ हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ला झाला. त्या सोहळ्याला हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील हजर होता. आपण जी ६ जून १६७४ तारीख मानतो ती त्या इंग्रजांच्या जुन्या पंचांगाची. गोव्यातला पोर्तुगीज त्याच दिवशी १६ जून लिहीत होता. रायगडावर तिथीनुसार सोहळा होतो आणि ६ जूनलाही होतो. दोन्ही दिवशी गड चढणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की आजच्या पंचांगाने मोजायचे तर तिसराही एक दिवस शिल्लक आहे? कुणी म्हणेल, असल्या चौकशीने भक्ती कमी होते. मला तसे वाटत नाही. तिथी, इंग्रजांची तारीख आणि पोर्तुगीजांची तारीख एकाच दिवसावर येऊन मिळतात, तेव्हा तो दिवस अधिक पक्का होतो.

अगदी घड्याळसुद्धा सरळ नव्हते. १९०६ साली देशाची प्रमाणवेळ ठरली, पण मुंबईने आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. प्रमाणवेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे मागे! कचेरीत उशिरा पोचण्याला इतके भक्कम ऐतिहासिक कारण पुन्हा कुणाला मिळाले नाही.

आता तो फळा नाही. वाचनालयाच्या दारात काच बसली. दिनविशेष मात्र मेलेला नाही, तो भ्रमणध्वनीत शिरला आहे. पहाटे साडेपाचपासून काका, मावशी, मेहुणे तो एकमेकांना धाडत असतात, खाली फुले आणि हात जोडलेले चित्र. उत्साह तोच, कदाचित जास्तच. फक्त त्या मजकुराला हंसपद काढता येत नाही. फळ्यावरची चूक एका गावची असे आणि संध्याकाळी पुसली जाई. ही चूक पुसली जात नाही, पुढे जाते.

दर फेब्रुवारीत एक संदेश न चुकता येतो : १४ तारखेला प्रेमदिन काय साजरा करता, याच दिवशी भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांना फाशी दिले, किंवा फाशीची शिक्षा सुनावली. दोन्ही खोटे. निकाल लागला ७ ऑक्टोबर १९३० रोजी. फाशी झाली लाहोरच्या तुरुंगात, २३ मार्च १९३१ ला. ज्या राजगुरूंच्या नावाने आपल्या पुणे जिल्ह्यातले खेड आज राजगुरुनगर झाले, त्यांच्या मरणाची तारीख आपणच चुकीची फिरवायची आणि तीही कुणाच्या तरी गुलाबाच्या फुलावर राग म्हणून! आमच्या एका नात्यातल्या मुलीने, असेल तेरा-चौदा वर्षांची, घरच्या समूहावर नम्रपणे खरी तारीख लिहिली. उत्तर आले, 'मोठ्यांना शिकवू नकोस. भावना बघ.' ती गप्प बसली. २३ मार्चला त्या समूहावर कुणीही काहीही लिहिले नाही. मुलगी सोडून.

मला त्या वेळी आमचे काका आठवले. त्यांनाही राग आला होताच की. पण त्यांनी रेल्वेवाल्या गृहस्थांना 'भावना बघा' असे म्हटले नाही. स्टूल पुढे केले आणि म्हणाले, 'बसा, नीट सांगा.' पुढे ते गृहस्थ रोज दुपारी यायला लागले आणि खिशात स्वतःचा खडू आणू लागले. काका सकाळी लिहायचे, हे दुपारी तपासायचे. ज्या दिवशी एकही हंसपद पडत नसे, त्या दिवशी दोघेही जरा उदास दिसत, असे ग्रंथपाल सांगत.

पुढच्या वर्षी १६ एप्रिलला आम्ही मुले मुद्दाम सकाळी फळा बघायला गेलो. काकांनी तीच ओळ मोत्यांसारख्या अक्षरात लिहिली होती. 'प्रवासी' हा शब्द मात्र ओळीत नव्हता. 'पहिली' आणि 'रेल्वे' यांच्यामध्ये त्यांनी स्वतःच हंसपद काढले होते आणि वरची जागा दुपारसाठी मोकळी सोडली होती.