मेदाम्ले आणि मानेतली गाठ

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या पाड्यांवर २०१२च्या गुटखाबंदीनंतरही चुना-तंबाखू आणि मशेरी राहिली, कारण साधा तंबाखू त्या बंदीत नव्हता. त्यातून होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात रुग्णाचे भवितव्य गालातल्या व्रणाच्या आकाराइतकेच, किंबहुना अधिक, मानेच्या लसीका ग्रंथींत कर्करोगाच्या पेशी पोचल्या आहेत का यावर ठरते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांच्या २०१५च्या चाचणीत, मानेत गाठ लागत नसतानाही पहिल्याच शस्त्रक्रियेत या ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के.

हा छुपा प्रसार कशावर पोसला जातो? बार्सिलोनातील साल्वादोर अझ्नार बेनिता यांच्या गटाने २०१७मध्ये दाखवले, की तोंडाच्या कर्करोगातल्या ज्या थोड्या पेशींवर मेदाम्ले आत ओढणारे सीडी३६ हे प्रथिन विपुल असते, त्याच पेशी उंदरांमध्ये प्रसार घडवतात आणि ते प्रथिन प्रतिपिंडाने रोखले की प्रसार बव्हंशी थांबतो. २०२१मध्ये त्यांना आढळले, की पामिटिक आम्ल या मेदाम्लाचा अल्पकालीन संपर्कही जनुकनियमनात खूण ठेवतो आणि आहार पूर्ववत झाल्यावरही पेशींची प्रसारक्षमता टिकते. ओलेइक व लिनोलेइक या मेदाम्लांनी तसे झाले नाही.

पामतेलात पामिटिक आम्ल सुमारे ४० टक्के असते, आणि २०२२च्या दिवाळीत राज्य सरकारच्या शंभर रुपयांच्या ‘आनंदाचा शिधा’मध्ये रवा, चणाडाळ, साखर यांच्यासोबत मिळालेले एक लिटर तेल पामतेलच होते. उंदरांवरून या तेलाने कर्करोग होतो असे म्हणणे चूक ठरेल, माणसात तो पसरतो असे म्हणणेही अकाली. पण रुग्णाच्या नोंदीत तंबाखूच्या वर्षांशेजारी घरच्या तेलाचा उल्लेखच नसेल, तर हा प्रश्न इथल्या माणसांत कधी तपासताच येणार नाही.

मला अधिक काळजी दुसऱ्या बाजूची वाटते. श्रावणी सोमवार आणि एकादशी पाळणाऱ्या या पाड्यांवर ‘चरबी गाठीला पोसते’ एवढेच कानावर आले, तर रुग्ण तेल-तूप सोडून उपासाकडे वळेल. उपासात शरीर स्वतःच्या मेदसाठ्यातून मेदाम्ले रक्तात सोडते, त्यांत पामिटिक आम्लही असते. शिवाय आधीच गिळणे अवघड झालेल्या माणसाचे स्नायू झिजतात आणि खालावलेल्या शरीराला किरणोपचार पुरे करणे जड जाते. उष्मांक कमी न करता तेलाचा प्रकार बदलणे हा त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग. शेंगदाणा तेलात ओलेइक आणि लिनोलेइक आम्लेच प्रमुख असतात, मात्र ते पामतेलाहून महाग आहे, आणि शिध्यात त्या एका लिटरची जागा किमतीवर ठरत होती.